हुसेनचाचांचं कुलूप

लोक सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात. आमचे हुसेनचाचा रात्रीतून आपलं दार कोणी कोणी ठोठावलं ते वाचायचे. पडवीतली खुर्ची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर म्हातारा लॅपटॉप. मी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या अलीकडे कपडे वाळत घालत असले की हाक यायची, "मंजे, बघ गो, आज कोण कोण येऊन गेलं. हा ब्राझीलचा. हा रोमानियाचा. हा तर मेला रोज येतो." आतून फातिमाचाची ओरडायच्या, "एवढ्या लांबून येतात बिचारे, चहा तरी विचारा त्यांना!"

चाचांनी घरात स्वतःचा सर्व्हर बसवला होता. सर्व्हर म्हणजे काय, तर कोनाड्यात मावेल एवढं एक काळं खोकं. जपायच्या गोष्टी त्यात ठेवायच्या आणि कुठल्याही परक्या कंपनीच्या हवाली करायच्या नाहीत. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक घराची दारं जगातले उचापती लोक आणि त्यांची यंत्रं दिवसरात्र हलवून बघत असतात, हे मला चाचांनीच सांगितलं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चाचा हसले. "हलवू दे की. उघडलं तर बोल."

आता ती हाक येत नाही. कपडे वाळत घालताना माझी नजर अजून त्या खुर्चीकडे जाते, आणि दिवस सुरू व्हायच्या आधीच माझं बिनसतं.

आगरदांड्याच्या जेटीच्या अलीकडे, खाडीला लागून आमची वस्ती. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा चाचा कुवेतला होते. तिथल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटरच्या खोलीत त्यांची सगळी उमर गेली. कायमचे परत आले ते पांढरी दाढी आणि तोंडावर वैताग घेऊन. लुंगी, खिशाची बंडी, खिशात पेनाच्या जागी बारका स्क्रू-ड्रायव्हर. नमाजाला जाताना अत्तर लावायचे, आणि सर्व्हरची धूळ पुसायला जातानाही लावायचे. "त्याला काय नाक आहे?" मी एकदा विचारलं. "मला हाय ना," म्हणाले. एखादी गोष्ट त्यांना दोनदा विचारली की चिडायचे, आणि एकदाही नाही विचारली तर जास्त चिडायचे.

हे सगळं सुरू झालं वादळामुळे. त्या जूनमध्ये आमच्या सुपाऱ्या झाडून साऱ्या आडव्या झाल्या, अर्ध्या वस्तीची कौलं उडाली. पाऊस घरात शिरला, पेट्या भिजल्या. ऊन पडल्यावर बायकांनी जे जे वाळत टाकलं त्यात गोधड्या होत्या, लग्नातल्या ओढण्या होत्या, आणि होत्या कॅसेटी. घराघरातून कॅसेटी. मला वाटलं गाण्यांच्या असतील.

गाणी कसली! बोललेली पत्रं होती ती. घरोघरी फोन नव्हते तेव्हा आखातातले नवरे कॅसेटमध्ये बोलायचे आणि सुट्टीवर निघालेल्या कोणाबरोबर तरी ती घरी पाठवायचे. बायको दार लावून ऐकायची, सासू बाहेर मुद्दाम खोकत बसलेली. मग त्याच कॅसेटीवर, नवऱ्याच्या बोलण्यावरच आपलं बोलणं भरून ती परत पाठवायची. दर वेळी नवी कॅसेट कोण आणतंय? त्याचं पुसून ती बोलायची, तिचं पुसून तो. एकच कॅसेट वर्षानुवर्षं समुद्र ओलांडत राहायची, आणि शेवटी जो बोलला त्याचाच आवाज तिच्यात उरायचा.

वस्तीतली एक म्हातारी ओली कॅसेट ओढणीत गुंडाळून चाचांकडे आली. तिचा माणूस कधीच वारला होता. म्हणाली, "हुसेनभाई, यातला माणूस वाचव." चाचांनी स्क्रू काढले, फीत पंख्याखाली सुकवली, दुसऱ्या कॅसेटीच्या खोक्यात बसवली आणि आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. मग काय, रांगच लागली.

आणि तिथं चाचांनी एक अट घातली, ती स्वतःलाच. ऐकायचं नाही. स्पीकरची वायर उपटून कपाटात टाकली. कॅसेट फिरायची, कॉम्प्युटरवर एक हिरवी रेघ वरखाली उड्या मारायची, आणि चाचा नुसते रेघेकडे बघून आवाज नीट उतरतोय का ते ठरवायचे. "ऐकल्याशिवाय कसं कळणार?" मी विचारलं. "नाडी बघायला माणसाचं मन वाचावं लागतं का?" असं म्हणून माझ्या हातात कापूस आणि स्पिरिटची बाटली दिली, टेपरेकॉर्डरचं हेड पुसायला. माझ्याकडे उतरलेल्या पर्यटकांची दुपारची जेवणं उरकली की मी तिथं जाऊन बसायला लागले. हळूहळू मलाही रेघ कळायला लागली. भांडण असलं की दणादण वर. रडणं असलं की अडखळत, थांबत थांबत. तशी रेघ आली की आम्ही दोघं खिडकीबाहेर बघायचो.

उतरवलेलं ठेवायचं कुठं? त्यांचा मुलगा सलीम दोह्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "अब्बा, क्लाउडवर टाका, फुकट मिळतं." चाचा भडकले. "फुकट ठेवून घेणारा कान लावणार न्हाय कशावरून?" मग ते घरभर जागा शोधत फिरले. खाली ठेवावं तर खाडीचं पाणी. माळ्यावर ठेवावं तर वादळानंतर घातलेल्या पत्र्यांची भट्टी. समुद्राकडच्या भिंतीला ठेवावं तर खारी हवा. ती हवा इथं कड्याकोयंडे खाते, नाजूक तारांना काय सोडणार! शेवटी मधल्या खोलीतला कोनाडा ठरला. त्यात चाचींच्या लोणच्याच्या बरण्या होत्या. "माझं लोणचं कुठं जाईल?" "माळ्यावर." "तिथं तुमचं खोकं ठेवा!" चार दिवस घरात जेवणं झाली, बोलणं नाही. लोणचं गेलं माळ्यावर. मग चाचींनी खोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला, तर चाचांनी तो काढून फेकला. "श्वास कोंडंल त्याचा!"

वायफायचे त्यांनी तीन भाग केले. एक घरच्यांचा. एक पाहुण्यांचा, त्यातून इंटरनेट मिळणार, पण घरात डोकावता येणार नाही. आणि तिसरा फक्त टीव्ही नि कॅमेऱ्यासाठी, कारण टीव्हीवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. "पाहुणा निदान निघून जातो गो. हा घरात राहून बाहेर चहाड्या सांगतो." बाहेरून आत यायच्या सगळ्या वाटा बंद केल्या, एकच ठेवली, आणि तिचीही चावी ओळखीच्या फोनलाच. माझ्या घरी दोन खोल्या पाहुण्यांना देते, तिथंही येऊन त्यांनी हेच केलं. मी बोलावलं नव्हतं. आले आणि स्टुलावर चढले.

प्रत्येक घराला सर्व्हरमध्ये वेगळा कप्पा, तो आपल्या फोनवरून उघडून ऐकायचा, आणि कप्प्याची चावी त्या घरच्या बाईकडे. चाचांकडे नाही. एके दुपारी सगळ्या बायकांना पडवीत बसवून त्यांनी पासवर्ड करायला शिकवलं. नातवाचं नाव नको, जन्मतारीख नको, उघड्यावर लिहून ठेवायचं नाही. "चार शब्द घ्या, एकमेकांशी काही संबंध नसलेले." एकजण म्हणाली, "माझ्या चार जावांची नावं घालू का?" पडवी हसून हसून बेजार. चाचासुद्धा हसले, मग लगेच गंभीर झाले. "विसरलात तर मी पण उघडू शकणार न्हाय. अल्लाकसम, मी पण न्हाय." बायकांना वाटलं, बोलायची पद्धत. पण एक खरंच विसरली, रडत आली, आणि चाचांनी तिच्यासमोर हात जोडले. नशीब तिची कॅसेट शाबूत होती. पुन्हा पहिल्यापासून उतरवली, तोंडानं तिला बोल लावत.

एकाच ठिकाणी ठेवलेलं म्हणजे न ठेवलेलंच, असं ते म्हणायचे. एक प्रत कोनाड्यात, एक कपाटात, आणि एक समुद्रापासून लांब. त्यांची भाची तळा गावात दिलेली. डोंगराआडचं गाव, खारी हवा नाही, भरतीचं पाणी नाही. महिन्याकाठी चाचा डिस्क रुमालात गुंडाळून, जेवणाच्या डब्यात घालून, एसट्या बदलत तळ्याला जायचे. डबा मांडीवरून खाली ठेवायचे नाहीत. एसटीत कोणी विचारलं, "चाचा, डब्यात काय?" तर म्हणायचे, "अर्धं गाव." एकदा भाचीच्या सासूनं, पाहुण्यानं काहीतरी खायला आणलंय असं समजून, डबा जसाच्या तसा फ्रीजमध्ये ठेवला. चाचा जेवून उठले, डबा मागितला, तर हा थंडगार! तौबा तौबा करत डिस्क छातीशी धरून उन्हात बसले म्हणे. डिस्कला काही झालं नव्हतं. सासूबाई मात्र पुढं कितीतरी दिवस विचारायच्या, काय बाई होतं त्यात, मिठाई तर नव्हती?

मुंबईहून एक गृहस्थ आले होते. कुठूनतरी त्यांना कॅसेटींचा पत्ता लागला. हा वारसा आहे, जगापुढं आला पाहिजे, असं बरंच काही बोलले. चाचांनी त्यांना बोंबलाचं कालवण घालून जेवू घातलं, पाहुण्यांच्या वायफायचा पासवर्ड दिला, आणि कॅसेट एकही दिली नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "निदान सांगा तरी, त्यात आहे काय?" चाचा म्हणाले, "नवरा-बायको हाय. तुझ्या घरात न्हाय का?"

असा हा माणूस. मला त्यांचा राग यायचा, आणि राग येऊनही दुसऱ्या दुपारी मी तिथं हजर. कारण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. नवऱ्याचं बोलणं संपलं की हिरवी रेघ आडवी पडायची, ती कॅसेट संपेपर्यंत आडवीच. पण काही कॅसेटींत अगदी शेवटाला ती पुन्हा उठायची. थोडीशीच, आणि मग फीत संपायची. तिथं चाचांचा हात थांबायचा. गप्पा मारत असले तर वाक्य अर्धं राहायचं. "काय आहे ते?" मी विचारलं. "जुनं. पुसायचं राहिलेलं," म्हणाले आणि उठून तोंड धुवायला गेले.

मला सांगितलं ते चाचींनी, मागच्या पडवीत बोंबील साफ करताना.

त्यांची पहिली मुलगी सकीना. चाचा कुवेतला गेले तेव्हा ती पोटात होती. पहिली सुट्टी मिळायच्या आत, ऐन पावसात, तापानं गेली. चाचांनी तिला पाहिलंच नाही. फोटो नव्हता. आवाज तेवढा ऐकला होता, एका कॅसेटीत. कुवेतच्या खोलीत आपल्याच भागातले बरेच जण राहायचे. ऐकून झालेल्या कॅसेटी सगळ्यांच्या मिळून एका पत्र्याच्या डब्यात. ज्याला घरी बोलायचं असेल त्यानं हाताला येईल ती उचलायची, भरायची आणि गावी निघालेल्याच्या हातात द्यायची. चाचांनीही ती कॅसेट पुन्हा पुन्हा ऐकून डब्यात ठेवली. का नाही ठेवणार? पुढच्या वेळी पोर आणखी बोलायला लागलेली असणार, दुसरी कॅसेट येणारच होती. कोणी उचलली, कोणाच्या घरी गेली, देव जाणे. आणि मग तार आली.

"उचलणारा लांबलचक बोलला असंल तर माझी पोर पुसली," चाची म्हणाल्या. हात थांबले नव्हते. "थोडकंच बोलला असंल, तर कोणाच्यातरी कॅसेटीच्या शेवटाला ती अजून हाय. आणि हे तिच्याकडं नुसतं बघत बसतात. ऐकत न्हायत."

मला राहवलं नाही. तशीच चाचांकडे गेले. "चाचा, ऐका की! कोणाला कळणार आहे?"

मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. "मला कळंल ना," म्हणाले.

"नवऱ्याचं सोडून द्या. नुसता शेवट ऐका."

"शेवटाला पण कोणाचीतरी बायकोच असंल ना गो? आपलं पुसलं गेलं असं समजून बसलेली. तिनं काय म्हटलं असंल, ते मी ऐकू?"

"मग त्यांना सांगा. त्या ऐकतील."

"सांगितलं की त्यांना वाटंल, हुसेन रेघ बघून काहीतरी ओळखतो. मग विश्वासानं कोण देईल?" खिशातला स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी काढला आणि उगाच परत ठेवला. "मी जबान दिलीय, मंजे."

तेव्हा मला त्यांच्या त्या कुलपाची चीड आली, खरं सांगते. जगातल्या चोरांसाठी केलेलं कुलूप, आणि अडकला बाप.

चाचींनी कोणाला जबान दिली नव्हती. वस्तीत एक लग्न निघालं, बायका तांदूळ निवडायला जमल्या, आणि तिथं चाचींनी सांगून टाकलं. कारण नाही सांगितलं, एवढंच म्हणाल्या, "नवऱ्याचा आवाज संपला की बंद करू नका गो. शेवटपर्यंत ऐका." म्हाताऱ्या बायकांना कारण लागलं नाही. त्यांनी सकीनाला कडेवर घेतलेलं होतं.

हे चाचांच्या कानावर गेलं आणि घरात अबोला सुरू झाला. मी मध्ये. "सांग तुझ्या चाचीला, चहात साखर न्हाय." "सांग तुझ्या चाचांना, डबा समोर हाय." दोघं एका खोलीत, आणि मी गडगा ओलांडून निरोप देणार! इकडं घराघरात बायका शेवट ऐकत होत्या. एकीला स्वतःचाच तरुणपणचा आवाज सापडला, तर ती दिवसभर आरशासमोरून हलेना. एकीला सासूची कुरकुर सापडली. सकीना कोणालाच नाही. चाची काही बोलायच्या नाहीत, पण दारात कोणी आलं की आधी तिच्या हाताकडे बघायच्या. फोन आहे का म्हणून.

एके दिवशी जेवणं झाल्यावर राबियाभाभी आल्या. त्यांचे मिस्टर, रफीक, चाचांच्याच खोलीत राहायचे. ते आता नाहीत. त्यांची एक कॅसेट भाभींनी परत पाठवलीच नव्हती. पाण्यात पडली म्हणून खोटं कळवलं होतं. कारण काय, तर तिच्यात रफीकनं पहिल्यांदा त्यांना नावानं हाक मारली होती. ती हाक पुसायला भाभींचा हात झाला नाही. आयुष्यभर ती कॅसेट ऐकली, पण त्यांचा आवाज संपला की बंद. "त्याच्यापुढं काय ऐकायचं मी?" असं त्या नंतर मला म्हणाल्या.

उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "हुसेनभाई, शेवटाला एक आवाज हाय. माझ्या घरचा न्हाय."

चाचा खुर्चीतून उठले आणि उठल्यावर काय करायचं ते विसरले. मग म्हणाले, "तुझ्या मर्जीनं ऐकवतेस?"

"मर्जीनं."

"मग आधी तिला बोलव." आणि थांबून, आतल्या दाराकडे बघत, इतक्या दिवसांनी स्वतःच हाक मारली, "फातिमा!"

कपाटातून वायर काढून त्यांनी स्पीकर भाभींच्या फोनला जोडायला घेतला. पिन भोकात जाईना, मी हात पुढं केला तर माझा हात त्यांनी बाजूला सारला. चाची पलंगाच्या कडेला बसल्या, ओले हात ओढणीत धरून. भाभींनी फोनवर आपला पासवर्ड घालून कप्पा उघडला आणि नवऱ्याचं सगळं बोलणं ओलांडून शेवटावर आल्या.

आधी नुसती खरखर. कुठंतरी कोंबडी. मग एका तरुण बाईचा आवाज, चाचींचाच, पण मी कधी न ऐकलेला, हसरा. "बोल गो. अब्बा ऐकतायत. सलाम कर अब्बांना. मगाशी किती बोलत होतीस!" मग कोणीच बोललं नाही. अगदी जवळ, लहान मुलाचा श्वास. नाक चोंदलेलं असावं. दाबलेलं हसू फुटावं तसा एक आवाज. "बघा, आता बोलत न्हाय. तुमच्यासारखीच हट्टी." आणि फीत संपली.

एवढंच होतं. बोललेलं सगळं रफीकच्या आवाजाखाली पुसलं गेलं होतं, उरलं होतं ते तिचं न बोलणं. मी मनात म्हटलं, एवढी वाट बघायला लावलीस, आणि एक शब्द नाही?

चाचा स्पीकरकडे वाकले. "नको बोलूस बाय," हळूच म्हणाले. "न्हाय बोललीस तरी चालंल."

भाभींनी पुन्हा लावलं. मग पुन्हा. मग फोन चाचींच्या हातात दिला आणि माझा दंड धरून मला बाहेर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेले, आणि मी परत यायच्या आत चाचा गेले. झोपेत गेले, चाची म्हणाल्या, त्रास झाला नाही. मला झाला. अजून होतो. माझ्याकडे त्यांचं शेवटचं म्हणून आहे ते त्या दुपारचंच, पायऱ्या उतरताना मागं वळून पाहिलेलं.

दोघं पलंगाच्या कडेला, गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. चाचा काहीतरी विचारत होते. सकीनाबद्दल काही विचारताना मी त्यांना तोवर कधी ऐकलं नव्हतं, आणि चाचींनीही ऐकलं नसावं, कारण त्या एकेक गोष्ट अशी सांगत होत्या की जणू काल आंघोळ घातलीय पोरीला. लाल झबलं होतं. मांजराला भ्यायची. केस फार दाट, सारखे पुढं यायचे.

"पुढं म्हणजे?" चाचांनी विचारलं. "कपाळावर?"

"हं, डोळ्यांत जायचे. सारखे मागं करावे लागायचे."

चाचांनी हात उचलला आणि समोर, लहान मुलाच्या उंचीवर, हवेतून अलगद मागं नेला. "असे?"

"न्हाय," चाची म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून थोडा खाली आणला. "एवढीच होती."